एका गालाचं गोरेपण

"हा मूळचा," वैद्य म्हणाला आणि काडीचं टोक माझ्या उजव्या गालावर टेकवलं. मग काडी नाकावरून पलीकडे नेली. "अन् हा माह्या लेपाचा."

उमरखेडचा बाजाराचा दिवस. वैद्याच्या दुकानाचा ओटा, ओट्याखाली एक मोडकं स्टूल, स्टुलावर मी. वय पंधरा. ओट्यावर बसायची सोय नव्हती, ओटा त्याचा होता. समोर बायांचा घोळका. कडेवर पोरं, हातात भाजीच्या पिशव्या, सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडावर. काडी कडुलिंबाची, हातभर लांब. बोटानं दाखवता आलं असतं. पण बोट चुकून लागलं असतं तर त्याला उठून आंघोळ करावी लागली असती, आणि बाजाराच्या दिवशी एवढी सवड कुणाला?

"महाराची पोट्टी हाय," तो बायांना सांगत होता. "तव्याचं बूड. पाहून घ्या. सात पिढ्यांचा मळ होता तोंडावर. तीन महिन्यांत अर्धा उतरवला. हिच्यावर गुण येते, तं तुमच्या पोरीवर काहून नाही येणार?"

बाया हसल्या.

आणि मी? मीही हसले. दात दाखवून. वर डावा गाल जरा पुढं केला, मागच्यांना नीट दिसावा म्हणून. बैलबाजारात बैलसुद्धा तोंड उघडायला कुरकुरतो. मी न सांगता उघडलं. आज त्या पोरीची कीव यायला पाहिजे, असं नाती म्हणतात. नाही येत. किळस येते. तिच्या हसण्याची किळस येते आणि मग तिची ती मान पुढं करण्याची तऱ्हा आठवून मलाच हसू फुटतं. काय तो तोरा! जशी काही गालावर राजमुद्राच उठली होती.

छप्पनच्या दसऱ्याला आमचा बाबा नागपूरला गेला होता. दीक्षा घेऊन आला, पांढरा सदरा घालून, आणि आल्या आल्या घरातले देव टोपल्यात भरून पैनगंगेत सोडून दिले. कोनाडा रिकामा झाला. पुढं चार-पाच वर्षांनी मी त्या कोनाड्यात आरसा ठेवला. बाबानं देव काढले आणि लेकीनं तिथं स्वतःचं तोंड बसवलं. पूजा मात्र दोन वेळची.

बाबा कामासाठी बहुतेक वर्षभर मुकुटबनकडं असायचा. माय सकाळी वैद्याच्या गोठ्यातलं शेण काढायची, मग दिवसभर निंदायला जायची. मी शाळेत होते, नववीत. शाळा सुटली की वैद्याच्या परसात बसून औषधाची मुळं कुटायची. लेपासाठी मुख्य लागायचं ते ज्येष्ठमध. वाळकी, दोरखंडासारखी चिवट मुळी. कुटली की आतून पिवळी निघते, हात पिवळे होतात, बोट चाटलं तर गोड. कुटून, फडक्यातून गाळून मी पूड सुपात ठेवायची आणि बाजूला व्हायची.

कारण पूड घेऊन जाण्याआधी वैद्यीणबाई मला मागं सरकायला लावायच्या. मी एकदा भाबडेपणानं विचारलं होतं, माझ्या हातची पूड चालते कशी?

"कोरड्याले विटाळ नसते," त्या म्हणाल्या होत्या. "पाणी पडलं का मंग तुह्या हाताचं नाही."

म्हणजे असं. कोरडं होतं तोवर काम माझं. ओलं झालं की धर्म त्यांचा. किती सोयीचा विटाळ होता बघा! कष्टाला शिवत नव्हता, फक्त पाण्याला शिवत होता. मी मान डोलावली होती. मला ते शहाणपणाचं वाटलं होतं.

एक दिवस वैद्यानं मला सुपातली चिमूटभर पूड गालाला चोळताना पकडलं. मला वाटलं, आता मायचा गोठा गेला. पण तो रागावला नाही. लांबून माझ्या तोंडाकडं बघत राहिला, बाजारात वांगं बघतात तसं.

"गोरी व्हाचं हाय का तुले?"

मी मान हलवली. लाज वाटायला हवी होती. लाळ सुटली होती.

"एकाच गालाले लावजो. डाव्या."

"दोन्हीले काहून नाही?"

"दोन्ही उजळले तं लोक म्हणतीन, पोट्टी जन्मताच गोरी होती. मंग माह्या लेपाचं काय? दिवाळी झाली का दुसऱ्याले लावू."

दिवाळीनंतर पाहुणे पोरी पाहायला निघतात. त्याआधीचे बाजार म्हणजे त्याचा हंगाम. त्या हंगामाला त्याला एक जिता नमुना पाहिजे होता, आणि मी शाळेत शिकलेली, पाढे पाठ असलेली, बाबाच्या पंचशीलाला हात जोडणारी पोरगी, नमुना व्हायला उड्या मारत तयार झाले.

माझा लेप वेगळा असायचा. गिऱ्हाइकांसाठी पितळी घंगाळात ताजा, दुधात कालवलेला. माझ्यासाठी उकिरड्याच्या कडेला ठेवलेल्या करवंटीत, आंबलेल्या ताकातला, दोन-दोन दिवसांचा. त्याला वास यायचा. नासलेल्या दह्याचा, ओल्या पोत्याचा आणि कसल्यातरी मेलेल्या गोडसर गोष्टीचा. तो गालावर थापून अंधार पडेपर्यंत गोठ्याच्या सावलीत बसायचं. माश्या यायच्या. आधी एक, मग तिच्या सगळ्या सोयऱ्या. लेप सुकत आला की कातडी ओढायची, खाज सुटायची, आणि खाजवायचं नाही. गाय माझ्याकडं बघून शेपटीनं स्वतःच्या माश्या हाकलायची. तिला तेवढी तरी अक्कल होती.

उन्हात जायचं नाही, हा वैद्याचा हुकूम. सुटीच्या दिवशी मी मायबरोबर निंदायला जायची, ते बंद. माय एकटी जायची. माझा गाल उजळावा म्हणून ती दोघींचं ऊन एकटी खात होती. आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट वाटलं, आपण आता नाजूक झालो.

गुण आला, हे खरं. दीड महिन्यानं गाल फिका दिसू लागला. तीन महिन्यांत तर नाकाच्या शेंड्यावरून रेघ ओढल्यासारखं. मग सुरू झालं माझं खेकड्याचं चालणं. वस्तीतून जाताना भिंत उजव्या बाजूला धरायची, म्हणजे लोकांना डावाच गाल दिसेल. वर्गात खिडकीजवळचा बाक सोडून उजव्या भिंतीला चिकटले. बोलताना मान अशी तिरकी, जशी कोंबडी दाण्याकडं बघते. मैत्रिणी म्हणायच्या, "काय वं, मान धरली का?" मला वाटायचं, जळतात.

मग तो बाजार आला, ज्यात ती बाई होती.

सोनेरी काठाचं लुगडं नेसलेली, बरोबर लग्नाची पोरगी. पोरगी सावळी, मान खाली. बाईनं माझा गाल जवळून पाहिला आणि हात पुढं केला. खडू-बिडू चोळलाय का, बघायला.

"अवो बाई, हात नोका लावू," वैद्य ओरडला. "महार हाय थे!"

बाईचा हात विस्तवाला लागल्यासारखा मागं गेला. मग तिला शंका आली. "मंग हा लेप कोणाच्या हातचा?"

"घरचा. सोवळ्यातला. हिचा वाराबी नाही लागत त्याले."

मी माझ्या तळहातांकडं बघितलं. पिवळे होते. बाजाराच्या दिवशी शाळेला सुटी, म्हणून सकाळीच कुटलेलं होतं. मी हात परकराखाली लपवले. त्याचं खोटं उघडं पडू नये म्हणून मी लपवले, ऐका! स्टुलावरून उठले तर वैद्यीणबाईंनी माझ्या देखत स्टुलावर गोमूत्र शिंपडलं. चार थेंब माझ्या पायावर. मी पाय परकराला पुसला आणि निघाले. दिवाळीनंतर दुसरा गाल होता ना.

घरी आले. माय चुलीपुढं होती. दिवसभर निंदून आलेली, तोंड घामानं चकाकत होतं, काळं, दोन्ही बाजूंनी सारखं काळं. तिनं भाकर पुढं केली. आणि माझ्या डोक्यात वैद्याचा आवाज वाजला, सात पिढ्यांचा मळ. मी तिच्या हाताकडं बघितलं. भाकर घेताना मी बोटं आखडली. तिचं बोट लागू नये म्हणून. कडेला, टोकाला धरून भाकर ओढून घेतली.

मायनं पाहिलं. ती काही अडाणी नव्हती या बाबतीत. आयुष्यभर लोकांनी तिच्याशी हेच केलं होतं. ही हालचाल तिनं अंधारातही ओळखली असती.

"काय वं," ती म्हणाली. अगदी सावकाश. "मलेबी काडीनं वाढाले लावतं का?"

मी भाकर खाऊ शकले नाही. घशात काहीतरी आलं, आंबट, त्या करवंटीच्या वासाचं. मी बाहेर जाऊन ओकले. गालावरच्या लेपाला मी तीन महिन्यांत कधी ओकले नव्हते. स्वतःला ओकले.

परत आले तर माय वांगी चिरत होती. चिरलेली फोड मिठाच्या पाण्यात, चिरलेली फोड मिठाच्या पाण्यात. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "पाण्यात कायले टाकते?"

"नाही टाकलं तं काळे पडतात."

"मळ बसते का त्यायच्यावर?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "कापलं तवा पांढरं होतं. तुह्यासमोर कापलं. मळ कुठून येईन? आतूनच येते थे."

आतूनच येते. रात्रभर तेच.

दुसऱ्या दिवशी मी विज्ञानाच्या खान गुरुजींना गाठलं. उंच, सुपारी खाणारे, मराठी बोलता बोलता मध्येच उर्दूत शिरणारे. त्यांनी माझा चेहरा पाहिला होताच, पण तोवर एका शब्दानं काही विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "उद्या दोन आलू आण बेटा. एक कच्चा, एक उकडलेला. आणि वैद्याची पूड."

तीन फोडी टेबलावर मांडल्या. उकडलेल्या बटाट्याची एक, कच्च्याच्या दोन. कच्च्यातल्या एकीला ज्येष्ठमध कालवून फासलं. तास संपेपर्यंत उघडी कच्ची फोड तपकिरी पडली. ज्येष्ठमध लावलेली पुसून पाहिली तर फिकी. उकडलेली होती तशी.

"हिच्या आत एक चीज आहे," गुरुजी म्हणाले. "हवा लागली की ती रंग बनवायला लागते. तुझ्या मुळीनं तिचा हात धरून ठेवला, बस. धुतलं काही नाही. धुवायला मळ होताच कुठे?"

"अन् उकडलेला?"

"तो मेला. मेलेला काळा पडत नाही. काळं पडायला जान लागते, बेटा."

"माणसातबी असंच असते?"

"हिच्याच बहिणीसारखी चीज माणसाच्या कातडीत असते. तुझ्या, माझ्या, त्या वैद्याच्या. कुणाच्यात जास्त काम करते, कुणाच्यात कमी. उन्हात जास्त करते, कारण ऊन आत जाऊ नये म्हणून तिनं छत्री धरलेली असते. लेप थांबव, ऊन लागू दे. दोन-तीन महिन्यांत गाल परत येईल."

शाळा सुटेपर्यंत पुसलेली ती फोडही तपकिरी झाली होती. मुळीचा हात सुटला होता.

पुढं मी स्वतः हायस्कुलात विज्ञान शिकवलं, म्हणून दोन शब्द जास्तीचे. त्या चीजेला विकर म्हणतात. कातडीतलं हे विकर म्हणजे टायरोसिनेज. त्याच्या पोटात तांब्याचे कण असतात, आणि त्यांच्या जोरावर ते साध्या कच्च्या मालापासून काळा रंग घडवतं. ज्येष्ठमधात, तुतीत, अशा कितीतरी झाडांत असे पदार्थ असतात, जे या विकराच्या जागेवर जाऊन बसतात. पाटावर भलताच कुणी जेवायला बसला की ज्याचं ताट त्याला उभं राहावं लागतं, तसं. विकर अडून राहतं, रंग बनणं मंदावतं, जुना रंग कातडीबरोबर झडतो. एवढीच गोष्ट. वैद्याच्या औषधात गुण होता, मी ते नाकारत नाही. तो औषधाबद्दल खोटं बोलत नव्हता. तो माझ्याबद्दल खोटं बोलत होता.

पुढच्या बाजारी मी स्टुलावर जाऊन बसले. माय म्हणाली होती, नोको जाऊ. मी गेले. सोनेरी काठाची बाई पुन्हा आली होती, पोरीला घेऊन. या वेळी तिनं लेप विकत घेऊन तिथंच पोरीच्या दोन्ही गालांना फासायला सुरुवात केली होती. काडी आली. उजवा गाल. डावा गाल.

"सात पिढ्यांचा मळ..."

"मळ नाही थो," मी म्हणाले.

स्टूलच बोलल्यासारखं सगळ्यांनी पाहिलं.

"रंग हाय. माह्या कातडीनं बनवलेला. तुमच्याबी कातडीत बनते, वैद्यबुवा. थोडा कमी बनते, एवढंच."

"चूप बस वं, महारडे!"

"बौद्ध हाय मी."

मी उठले. ओट्याच्या दोन पायऱ्या चढले.  पितळी घंगाळात मनगटापर्यंत हात घातला. लेप गार होता, मऊ, ताज्या दुधाचा. माझ्या करवंटीतल्यासारखा अजिबात नव्हता. हात बाहेर काढून बायांपुढं धरला. कोपरापर्यंत ओघळ.

"पूड मीच कुटते. रोज. ह्याच हातानं. आता ओलाबी माह्याच हातचा झाला. घ्या, कोणाले पाहिजे?"

असा आरडाओरडा झाला! एक बाई थुंकली. एकीनं कडेवरच्या पोराचे डोळे झाकले, जशी मी नागडी झाले होते. सोनेरी काठाची बाई पदरानं पोरीचे गाल खसाखसा पुसू लागली, इतक्या जोरानं की ती पोरगी रडायला लागली. त्या पोरीनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी बाजारात मांडलेली होते, आणि तिला दिवाळीनंतर घरात पाहुण्यांपुढं मांडणार होते. तिलाही ते कळलं असावं. की मला उगीच तसं वाटतं, माहीत नाही.

वैद्यानं मला मारलं. पाठीवर, मांडीवर. मारतानासुद्धा काडीनंच, हात लागू दिला नाही. धर्माचा पक्का माणूस. वैद्यीणबाईंनी घंगाळ नालीत उपडं केलं. एक कुत्रं आलं, हुंगलं आणि निघून गेलं.

घरी खबर माझ्याआधी पोचली होती. मायनं आधी दोन शिव्या दिल्या. मग म्हणाली, "गोठा गेला." चुलीत काटकी सारली. मग, "गेला तं गेला. शेणाची काय कमी हाय जगात."

मग तिनं माझ्या पिशवीतून पुडी काढली. गुरुजींना दाखवायला नेलेल्या ज्येष्ठमधातली उरलेली. माझ्यापुढं ठेवली.

"दुसऱ्या गालाले लाव. चुपचाप घरात. सारखी तं दिसशीन. अशी अर्धी बायको कोण करन? दिवाळीले बाबा येईन, त्याले काय सांगू मी?"

थट्टा नव्हती. ती खरंच सांगत होती. आई होती, भ्याली होती. आणि पुडी उघडताना माझा हातही उजव्या गालाकडं गेला, खोटं कशाला सांगू? बटाटा पाहिला, गुरुजी ऐकले, काडी खाल्ली, तरी हात गेला. इतकं खोल रुजलेलं असतं ते. एका बाजारात उपटून निघत नाही.

मायला तेवढ्यात खोकला आला. पावसाळ्यापासून खोकत होती ती.

मी चुलीवर पाणी ठेवलं. पुडीतली सगळी पूड त्यात टाकली, उकळली, वाटीत ओतून तिच्या हातात दिली. तिच्या बोटांना माझी बोटं लावून दिली.

"घे," म्हटलं. "खोकल्यावर चांगलं असते."

तिनं एक घोट घेतला. "लयच गोड हाय वं," म्हणाली, आणि सगळं प्याली.

सकाळी मी तोंड न लपवता निघाले. ऑक्टोबरचं ऊन, अंग भाजणारं. वस्तीच्या रस्त्यानं मधोमध चालले, मान सरळ. लोक थांबून बघत होते, दोन्ही गाल बघत होते. बघू दिलं. वर्गाच्या दारात पोरी घोळका करून उभ्या होत्या.

"काय वं, काय झालं तोंडाले?"

"काळी होऊन राह्यली," मी म्हणाले, आणि खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसले. जिथं ऊन येतं तिथं.

तीन महिने लागणार होते. लागू देत. रोज असंच यायचं, अर्ध्या तोंडानं यायचं, आणि विचारेल त्याला हेच सांगायचं. त्या बाकावर बसून मी ठरवलं ते ठरवलं. माझ्या कातडीचं काम मी कुणासाठी बंद पाडणार नाही. कुणाच्या दुकानाचा नमुना मी होणार नाही. माझी लेक होणार नाही. तिची लेक होणार नाही.